काचेवरचं कुंकू

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
१६ मे २००४

चि. रेणूस कारभारीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझी काकू सकाळपासून कैऱ्या फोडते आहे, त्यामुळं घराला आंबट वास आणि मला तिखट बोलणी. तू पुण्याला नीट पोचलीस हे भुजंगच्या दुकानातल्या फोनवर कळलं होतं, पण फोनवर माणूस अर्धंच बोलतं, आणि तेवढंही दुकानात मीठमिरची घ्यायला आलेले लोक कान देऊन ऐकतात. पत्र ते पत्र.

आता मुद्द्यावर येतो. तू लिहिलंस की आपल्या जीपमधून काढलेलं चित्रीकरण कॉम्प्युटरला दाखवलं. बैलगाडी, एसटी, फटफटी, माझ्यासारख्यांच्या जीपा, सगळं तो ओळखायला लागलाय. कोण जवळ येतंय, कोण लांब जातंय तेही सांगतोय, आणि पुढची गाडी फार जवळ आली की घंटी वाजवतोय. इथवर ठीक. पण तो म्हणतो की पिंपळगाव सोडल्यापासून भोकरदनच्या पुलापर्यंत आपल्या पुढं एक लाल गाडी चालली आहे. ती जवळ येत नाही, लांब जात नाही, वळणावर दिसेनाशी होत नाही. तुझे सर म्हणाले, काचेवर कसला तरी डाग असणार. आणि तू मला विचारतेस, काका, त्या दिवशी मी आंघोळीला गेले तेव्हा कॅमेऱ्याला कुणी हात लावला होता का?

लावला होता. आता चिडू नको, सगळं सांगतो.

तू बांधून ठेवलेला कॅमेरा काकूनं बघितला आणि ती आरतीचं ताट घेऊन आली. नवी वस्तू गाडीवर चढते आणि तिला हळदकुंकू नाही, हे तिच्यानं बघवेना. दसऱ्याला आपण हवा भरायच्या पंपालाही कुंकू लावतो, मग हा तर पुण्याहून आलेला पाहुणा. पण लावायचं कुठं? ताट हातात धरून ती जीपभोवती फिरली. म्हणाली, "याचं कपाळ कुठंय वो, कमरूभाऊ? मला तर काहीच समजून न्हाई राह्यलं."

कमरू स्टेपनीवर बसून चहा पीत होता. तो उठला, कॅमेरा खालून वरून निरखला, आणि काचेकडं बोट करून म्हणाला, "भाभी, जिधर से देखता, उधरच उसका कपाल."

झालं. काकूनं हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. मी ओरडलो, तसं कमरूनं ते आपल्या फडक्यानं पुसलं. त्याचं फडकं तू बघितलेलं आहेस. त्यानं हात पुसले की हात जास्त मळतात. तेव्हा दोष कुणाचा ते तूच ठरव. काकू म्हणते दोष कमरूभाऊचा, कमरू म्हणतो दोष कॅमेऱ्याचा, त्यानं आपलं कपाळ नीट दिसेल असं ठेवायला पाहिजे होतं.

तुझं पत्र मी त्याला गाडीतच वाचून दाखवलं. लाल गाडीचं ऐकून तो इतका हसला की मागं बसलेल्या बाया घाबरल्या. म्हणाला, "उस्ताद, वो लाल गाडी मेरीच है बोलके लिखो बेटी कू. मैं आगे जाके रस्ता देख के रैता. तुम आस्ते आस्ते पीछे आव."

पण पुढं तू लिहिलंस की आवाजाचा काही उपयोग नाही, तुझ्या कॉम्प्युटरला नुसती चित्रं लागतात, म्हणून आवाज बंद करून काम करतेस. हे ऐकून मात्र त्याचं तोंड उतरलं. "इत्ता बोला मैं, गला बैठ गया, और आवाज बंद?" दिवसभर तेच धरून बसला होता. तू आली होतीस तेव्हा टेपमध्ये आपलं बोलणं भरून राह्यलंय म्हणून तो ठेवणीतलं बोलत होता. अजिंठ्याच्या बाजूला पाऊस कसा येतो, भोकरदनच्या बाजारात खरबूज कोण चांगलं विकतं, त्याची सासू कशी कंजूष होती, सगळं. आणि मध्येच "डावीकडं बैल, उस्ताद", "म्हातारी, म्हातारी!", "जाने दो, निकल जाता."

राग मानू नको रेणू, पण तुझी घंटी मला नको. माझ्याकडं एक घंटी आहे, ती चहावर चालते आणि अखंड वाजते. चुकतेही पुष्कळ. मागं एकदा कुणीतरी कुंपणावर वाळत घातलेलं लाल लुगडं बघून त्यानं "फाटक बंद, रोको!" म्हणून मला करकचून ब्रेक मारायला लावला होता. आपल्या रस्त्याला रेल्वे कुठली? पण चुकली तरी घंटी माणसाची आहे. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे काही माझ्या एकट्याच्या डोळ्यांनी झालेलं नाही. उजवी बाजू माझी, डावी त्याची. तसंच ठरलेलं आहे.

ठरलं कधी ते आठवत नाही. जालन्याला सरकारी लिलावात मी ही जीप घेतली तेव्हा लोक म्हणाले, कारभाऱ्यानं भंगार आणलं. खरंच होतं. पहिल्याच खेपेला धावड्याजवळ पंक्चर झाली, तर सायकली दुरुस्त करणारा एक किडमिडीत माणूस पंप घेऊन आला. पंक्चर काढलं, मग म्हणाला, भोकरदनपर्यंत येतो, वाटेत परत बसली तर? तो जो डावीकडं बसला तो उतरलाच नाही. मी किती वेळा म्हणालो, कमरोद्दीन, गाडी शिक. तो म्हणायचा, "एक गाडी में दो उस्ताद नहीं चलते."

तुला तर त्या सीटवरचं सगळं आठवत असेल. सुट्टीत आलीस की तुला आमच्या दोघांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याशेजारी पोत्याची घडी घालून बसवायचो. पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं, हे तुला कमरूनंच शिकवलं. तू मग घरी स्वयंपाकघराच्या दारावर थापा मारून काकूला थांबवायचीस. मिरचीचे दिवस असले की गाडीत पोत्यांचा तिखट खाट सुटायचा, सगळे शिंकायचे, आणि तू प्रत्येक शिंकेला एक थाप मारायचीस. मी खरंच गाडी थांबवायचो. मागचे पासिंजर शिव्या द्यायचे, कमरू त्यांना म्हणायचा, "चेकर साहब बैठे हैं, चुप."

आणखी एक. देवीच्या कमानीसमोर मी चालत्या गाडीत दोन्ही हात जोडतो म्हणून तू मला पत्रात रागावलीस. तू मागं बसली होतीस, तुला सगळं दिसलं नाही. मी हात जोडतो तेवढा वेळ स्टिअरिंग कमरूच्या हातात असतं. तो न सांगता हात पुढं करतो, मी न बघता सोडतो. धावड्याच्या वाटेवर पिराचा ओटा लागतो, तिथं तो छातीवर हात ठेवून डोळे मिटतो, तेव्हा दोन्ही बाजू मी बघतो. हिशेब बराबर आहे. तुझ्या कॉम्प्युटरला विचार, कमानीसमोर गाडी तसूभर तरी हलली का?

काकू लोणचं पाठवते आहे. अभ्यास कर, पण डोळे सांभाळ.

तुझा,
कारभारीकाका
(आणि डाव्या बाजूनं कमरूचाचाचा सलाम)


॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
२५ ऑक्टोबर २००४

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं मिळाली. मध्ये फोनही येऊन गेला, भुजंगनं निरोप दिला. उत्तराला उशीर झाला, माफ कर. इकडं सगळं ठीक आहे. पाऊस बरा झाला. मका निघाला, कापूस फुटतोय. काकूनं दसऱ्याला जीप धुतली, झेंडूची माळ घातली.

दिवाळीला तू कॅमेरा घेऊन येतेस आणि त्याच रस्त्यानं, त्याच गाडीतून, पुसलेल्या काचेनं पुन्हा चित्रीकरण करायचं म्हणतेस. कॉलेजकडून नवी कॅसेट मिळत नाही म्हणून जुन्या कॅसेटवरच नवं भरायचं, असंही लिहिलंस. तुझ्या सरांना ते वेळेत दाखवायचं आहे हे समजलं.

पण यंदा जमेल असं दिसत नाही. एक तर रस्ता उखडून ठेवलाय, पाइप टाकतायत. त्यात जीपचा क्लच गेलाय. माझा गुडघाही फार दुखतो. भोकरदनला पुष्कळ जीपा आहेत, नव्या, चांगल्या. त्यातली एखादी तुझ्या बाबांना सांगून ठरव. त्यांची ओळख आहे तिथं. चित्रं काय, कुठल्याही गाडीतून सारखीच येणार.

कमरूचाचाचं विचारलंस. तो धावड्यालाच आहे.

कॅसेटवर एवढ्यात काही भरू नकोस. बाकी विशेष काही नाही. तू दिवाळीला ये, काकू वाट बघते.

तुझा,
कारभारीकाका


॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
४ नोव्हेंबर २००४

चि. रेणू, अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र टाकल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही. ती कारणं तू विसरून जा. रस्ता केव्हाच बुजवला. क्लच बसला. गुडघा दुखतो, पण तो तू शाळेत होतीस तेव्हापासून दुखतो.

कमरू धावड्याला आहे असं लिहिलं, ते तेवढंच खरं होतं. तो तिथल्या कब्रस्तानात आहे, मोठ्या लिंबाखाली. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात गेला.

तुझ्या बाबांना माहीत आहे. त्यांना मीच गप्प बसवलं. म्हणालो, पोरीची परीक्षा आहे, मी सांगतो तिला नंतर. परीक्षा होऊन गेली तरी माझ्या हातून लिहवेना. तुझा फोन आला की मी भुजंगला खूण करायचो, सांग काका शेतात गेल्ते म्हणून. लिहिलं की ते झालं असं होतं, रेणू. तुझ्या लेखी तरी तो अजून डावीकडं बसून खरबुजाची गोष्ट सांगत होता. तेवढं मला मोडवेना.

कसं झालं ते आता लिहितो.

क्लच खरंच गेला होता. आम्ही भोकरदनला गॅरेजमध्ये होतो. दुपार टळली, मिस्त्री म्हणाला अजून वेळ लागेल. कमरूची चुळबूळ सुरू झाली. त्याच्या फरजानाचं लग्न जमलेलं तुला कळलं असेल, तिच्या होणाऱ्या सासरचे त्या संध्याकाळी घरी यायचे होते. मी म्हणालो, "थांब ना, क्लच बसला की मीच सोडतो तुला दारात." तो म्हणाला, "न्हाई उस्ताद, मेहमान आये और बाप घर में न्हाई, बुरा दिखता. मैं किसी की भी जीप से निकलता." आणि नाक्याकडं निघाला. जाताना सवयीनं आपल्या जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. जीप तर जॅकवर चढवलेली होती. मिस्त्रीचा पोऱ्या हसला.

त्याला जी जीप मिळाली ती गच्च भरलेली होती. टपावरही माणसं. तो मागच्या पायरीवर उभा राहिला, शिडीला धरून. आपल्याकडं सगळेच असे जातात, त्यात नवल काही नाही. पण मला राहून राहून एकच वाटतं, की त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. तोंडासमोर ताडपत्री. इतकी वर्षं ज्यानं माझ्यासाठी रस्ता बघितला, त्याला त्या दिवशी रस्ता दिसत नव्हता.

दिवेलागणीची वेळ होती. मक्याचा चारा भरलेली एक ट्रॉली चाक बसल्यामुळं रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही. असेल तरी लोंबणाऱ्या चाऱ्यानं झाकलेला. ट्रॉलीवाल्यानं मागं दगड लावून ठेवले होते, तेवढंच. जीपवाल्याला ट्रॉली दिसली तेव्हा फार जवळ आलेली होती. त्यानं उजवीकडं काढली. पुढचा भाग निसटला, मागचा डावा कोपरा नाही निसटला.

बाकीच्यांचे हातपाय मोडले, पण जीव वाचले. कमरूला भोकरदनला आणता आणताच तो गेला. मी गॅरेजमध्येच होतो. क्लच बसला होता, मी मिस्त्रीला चहा पाजत होतो. कुणीतरी पळत आलं आणि म्हणालं, "कारभारी, तुमचा डावा गेला." लोक आम्हाला तसंच म्हणायचे, कारभाऱ्याचा डावा.

ट्रॉलीवाला कोण, जीपवाला कोण, हे लिहून काय करू? दोघंही आपल्यातलेच. ट्रॉलीवाला तर मातीला येऊन माझ्या पायांवर पडला, आणि मला त्याला शिवीही देता आली नाही. आपल्या भागातल्या निम्म्या ट्रॉल्यांना मागं दिवा नाही. मी रोज बघत होतो. तुलाही तुझ्या चित्रांत दिसल्या असतील.

आता तुला सांगतो की माझ्या डोक्यात काय फिरतं. काकूनं कॅमेऱ्याच्या काचेला लाल लावलं, तर तुझ्या कॉम्प्युटरला नसलेली गाडी दिसली. सगळ्या वाटेनं दिसत राहिली. आणि जी गाडी खरंच उभी होती, तिच्या पाठीला कुणी बोटभर लाल लावलेलं नव्हतं. मी काकूला हे बोलून दाखवलं आणि बोलायला नको होतं. ती उठून आत गेली.

मी गाडी चालवत नाही ते याच्यासाठी. एकदा काढली होती. दोन पासिंजर घेतले, डावीकडं एक मास्तर बसले, भला माणूस. पण ते आपले पेपर वाचत होते. मी नाक्यापर्यंत गेलो तर माझं अर्धं अंग थंड पडल्यासारखं झालं. डावीकडून कुणी काही बोलेचना. आणि पुढं देवीची कमान. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात, आणि हात न जोडता पुढं जाववेना. गाडी वळवून घरी आणली. मास्तरांना मी काय सांगितलं तेही आठवत नाही. मला फार एकटं वाटतं रेणू. बायको आहे, भाऊ आहे, तू आहेस, पण त्या गाडीत मी फार एकटा पडलो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी आज बसलो.

काल फरजाना आली होती. लग्न पुढं ढकललंय, सासरचे समजूतदार निघाले. अनवरीभाभी सध्या घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्यात नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस तसं पाळतात. म्हणून त्यांनी पोरीला पाठवलं. फरजाना दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, अम्मी पूछ रही थी, वो रेणूदीदी के कॅमेरे में अब्बा की आवाज है क्या?"

त्यांच्याकडं त्याचा एकच फोटो आहे, मतदानाच्या कार्डावरचा, त्यात तो चोरासारखा दिसतो. आवाज तर कुठंच नाही. आपल्यासारख्यांचा आवाज कोण भरून ठेवतो? मी म्हणालो, आहे बेटा, आहे. आणि तोंडातून निघून गेल्यावर मला तुझं पत्र आठवलं. त्याच कॅसेटवर नवं भरायचं.

तेव्हा रेणू, ती कॅसेट पुसू नकोस. आवाजाचा तुझ्या कामाला उपयोग नाही, खरं आहे. पण त्यात सासूची निंदा आहे, खरबूज आहे, "म्हातारी, म्हातारी" आहे. त्यात तो मला उस्ताद म्हणतो आहे. तुझ्या कामासाठी नवी कॅसेट मी भोकरदनहून, नाहीतर जालन्याहून आणीन, औरंगाबादला जावं लागलं तर तिथून आणीन. ही मात्र जशी आहे तशी घेऊन ये. आधी आपण धावड्याला जाऊ. शेजारच्यांचा टीव्ही मागून घेऊ, तू तुझ्या वायरी जोड, आणि आवाज पूर्ण मोठा कर. भाभी पडद्याआड बसून ऐकतील. चित्र कुणी बघितलं नाही तरी चालेल.

आणि दुसरं असं, की तुझं दुसरं चित्रीकरण आपल्याच जीपमधून करायचं. मी चालवतो. दुसऱ्या कुणाची जीप ठरवली असशील तर नाही म्हणून सांग. उन्हाळ्यात मी तुझ्या घंटीची थट्टा केली होती, ती परत घेत नाही. कमरू होता तोवर मला खरंच तिची गरज नव्हती. पण प्रत्येक गाडीत कमरू कुठून आणणार? त्या जीपवाल्याकडं नव्हता. असं काही असतं, जे त्याला वेळेवर म्हणालं असतं, पुढं काहीतरी आहे बाबा, आस्ते ले, तर कमरू मेहमानांसमोर चहाचा कप घेऊन बसला असता. तर कर तुझं ते मशीन. एक सांगतो, मागच्या खेपेला तू सगळं लख्ख उन्हात भरलंस. या वेळी दिवेलागणीला निघू, ट्रॉल्या घरी परततात त्या वेळेला. त्याला अंधुकातलं बघायला शिकव. लाल दिवा नसलेली गाडी ओळखायला शिकव.

तोवर मी नुसता बसून नाही. गाड्यांच्या नंबरपाटीवर लावतात तो चमकणारा लाल कागद, रेडियम, त्याचा गठ्ठा आणलाय. बाजाराच्या दिवशी मार्केटच्या फाटकाशी बसतो आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीला पट्टी चिकटवतो. पोरं म्हणतात, कारभारीकाका येडे झाले. काही ट्रॉलीवाले हसतात, काही म्हणतात राहू द्या वो काका, घाई आहे. मी सोडत नाही. परवा काकूही आली होती. पट्टी चिकटवून झाली की ती तिच्यावरून बोट फिरवते, दसऱ्याला फिरवते तसं. ज्याच्या ट्रॉलीनं झालं तो पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता.

तू आलीस की डावीकडं बस. मध्ये नाही, आता तू मोठी झालीस. थापा तुला येतात. कॅमेरा काय बघायचं ते बघेल, पण तू बोलत राहा. काहीही बोल, पुण्याचं बोल, सरांचं बोल, मध्येच एखादी म्हातारी दिसली तर सांग. चुकलीस तरी चालेल. पिराचा ओटा आला की एकदा छातीवर हात ठेव, त्याच्या वतीनं.

काच काकू स्वतः धुणार आहे, साबणानं. कुंकू या वेळी कॅमेऱ्याच्या पेटीला लावायचं ठरलंय. पण त्या जुन्या चित्रातली लाल गाडी तू पुसू नको. कॉम्प्युटर चूक म्हणत असेल तर म्हणू दे. कमरूनं मला सांगून ठेवलेलं आहे ती कुणाची आहे ते.

आणि देवीच्या कमानीसमोर हात सोडतो म्हणून तू रागावली होतीस. आता नाही सोडणार. आता तिथं गाडी थांबवीन, इंजिन बंद करीन, खाली उतरून हात जोडीन, आणि मग परत येऊन बसेन. तू दोन थापा मार, की निघू.

डावी सीट झटकून ठेवली आहे.

तुझी वाट बघणारा,
उजव्या बाजूचा कारभारीकाका